पेन्सिल खाणारी मुलगी आणि साडेचार हजारांचा रिपोर्ट

दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावात फ्लेक्सना ऊत येतो. निम्मे गुणवंतांच्या अभिनंदनाचे, निम्मे क्लासवाल्यांचे. अलीकडे त्यांत तिसऱ्या जातीची भर पडली आहे. 'आपल्या पाल्याचा मेंदू ओळखा!' मंगल कार्यालयात दोन दिवसांचं शिबिर, दहा बोटांचे ठसे द्यायचे, आठवड्याभरात गुळगुळीत कागदावरचा रंगीत रिपोर्ट हातात. मूल डाव्या मेंदूचं की उजव्या, गणित किती टक्के, संगीत किती टक्के, सायन्स घ्यावं की कॉमर्स, आई-वडिलांनी त्याच्याशी गोडीत बोलावं की दरडावून, सगळं छापील. डीएमआयटी असं या चाचणीचं नाव. आमच्याकडे तिचा भाव साडेचार हजार आहे, पुण्यात जास्त असावा.

मी ज्युनियर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर आता एका माध्यमिक शाळेत समुपदेशनाचं काम बघते, त्यामुळे हे रिपोर्ट माझ्या टेबलावर येतात. गेल्या जूनमध्ये एक वडील फाइल घेऊन आले. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्यांचं, हिशेबाला पक्के. म्हणाले, "मॅडम, याचा लॉजिकल भाग कमी निघालाय. मग सायन्सचा नाद सोडावा ना?" मुलगा शेजारी बसून पंख्याकडे बघत होता. दहावीच्या गणितात त्याला चांगले गुण होते. मी विचारलं, गणित आवडत नाही का रे? म्हणाला, "आवडायचं. पण माझ्यात ते नाहीये." साडेचार हजारांत या घराने काय विकत आणलं, ते त्या एका वाक्यात कळलं.

दाव्यात कणभर सत्य असतं, म्हणून तर तो खपतो. बोटांवरच्या रेषा गर्भात तिसऱ्या ते पाचव्या महिन्याच्या सुमारास उमटतात आणि त्याच काळात मेंदूही घडत असतो, हे खरं. पण त्याच काळात मूत्रपिंडंही घडत असतात, आणि ठसे बघून कोणी लघवीचा रिपोर्ट देत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या अनेक बाळांच्या तळहातावर आडवी एकच रेष दिसते आणि डॉक्टर ती बघतात, हेही खरं. तिथून 'तुमच्या मुलीने कॉमर्स घ्यावं' इथवर जायला रस्ता नाही. हॉवर्ड गार्डनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेची कल्पना मांडली, तिचं नाव या चाचणीवाल्यांनी उचललं. बोटांच्या ठशांशी त्या कल्पनेचं काही देणंघेणं नाही. डावा मेंदू-उजवा मेंदू हे प्रकरण रॉजर स्पेरी यांच्या संशोधनातून लोकांपर्यंत पोचलं. त्या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं, पण त्यांनी तपासलेले रुग्ण असे होते की ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांमधला दुवाच अपस्मारावरचा उपाय म्हणून शस्त्रक्रियेत कापलेला होता. आपल्या पोरांचा तो दुवा शाबूत आहे. मनोविकारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने डीएमआयटीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. फ्लेक्स काही उतरलेले नाहीत.

ते उतरणारही नाहीत, कारण हा रिपोर्ट पत्रिकेचा धाकटा भाऊ आहे. शिकलेल्या घरात पत्रिका काढणं आता जरा अवघड वाटतं, चारचौघांत कबूल करवत नाही. मेंदूचं नाव घेतलं की तीच गोष्ट विज्ञान होते. सगळं जन्माच्या आधीच लिहून ठेवलेलं, वाचणारा पैसे घेऊन वाचणार, आणि वाचून झालं की आपण करायचं असं फारसं काही उरत नाही. या शेवटच्या सोयीचेच खरं तर पैसे मोजले जातात.

हा मोह फक्त पालकांना पडतो असंही नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात जन्मठेप झाली. तिथे मांडलेल्या पुराव्यांत मेंदूच्या विद्युतलहरींची एक चाचणी होती. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, कानावर एकामागून एक वाक्यं, आरोपीने तोंड उघडायचं नाही. गुन्हा केल्याचा 'अनुभव' मेंदूत साठला आहे का, ते यंत्र सांगणार. निकालपत्रात त्या चाचणीला वजन मिळालं तेव्हा परदेशातल्या मेंदूतज्ज्ञांनीही कपाळाला हात लावला. पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला, आणि ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करायच्या नाहीत असं बजावलं. पुरावा चाळून घेणं हेच ज्यांचं काम, त्यांनाही मेंदूच्या आलेखाची भुरळ पडते. सुटे भाग विकणाऱ्या बापाला मग काय बोलायचं?

इथवर वाचून मला कोणी जीवशास्त्राची वैरीण समजेल. माणूस असा का वागतो, याचं उत्तर शरीरात शोधण्याचा दृष्टिकोन मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला, आणि समुपदेशनाच्या खोलीत बसायला लागल्यापासून तो मला जास्तच पटतो. माझी तक्रार उलटी आहे. आपण पोरांच्या शरीराकडे बघतच नाही. नशिबासारखं वागणारं, चकचकीत जीवशास्त्र आपल्याला हवं असतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, चष्म्याचा नंबर, झोप असलं जीवशास्त्र नको असतं, कारण ते आपल्याला कामाला लावतं.

नववीतली एक मुलगी चोरीच्या तक्रारीवरून माझ्याकडे पाठवली गेली. काय चोरलं, तर पाटीवरच्या पेन्सिली. आवारातल्याच बालवाडीतून, रोज दोन-तीन. वर्गशिक्षिकेचं मत, घरून वळण नाही. आईचं मत, लहानपणापासूनची खोड आहे, मारलं तरी जात नाही. बी.एड.च्या सरावासाठी आलेल्या एका मुलीने हळूच सुचवलं, मॅडम, असुरक्षिततेची भावना असेल, लक्ष वेधून घ्यायचं असेल. प्रत्येकीकडे स्पष्टीकरण तयार होतं. मुलगी दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत उभी. पेन्सिलींचं करतेस काय, विचारलं तर गप्प. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "खाते, बाई." कशी लागते गं? त्यावर मात्र तिचा चेहरा खुलला. "पहिला पाऊस पडल्यावर मातीचा वास येतो ना, तशी."

तिची नखं बघितली. चपटी, पांढुरकी. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आत लाली नव्हतीच. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का? हो. बर्फ खातेस? फ्रिजच्या वरच्या कप्प्यातला खरवडून खाते, भाऊ ओरडतो. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन. तिच्या वयाला किमान बारा हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लावल्या, जंताची गोळी दिली, गोळीच्या मागेपुढे चहा घ्यायचा नाही म्हणून दम भरला, जेवणात लिंबू पिळायला सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा पेन्सिल खाणं थांबलेलं होतं. चोरीचं कारणच उरलं नव्हतं. वर्गात डुलक्या घेणंही कमी झालं. ते तर माझ्यापर्यंत कोणी आणलंच नव्हतं, 'अभ्यासाचा कंटाळा' या खात्यावर ते कधीच जमा झालं होतं.

अन्न नसलेलं काहीतरी खाण्याच्या या ओढीला पायका म्हणतात. लोहाच्या कमतरतेशी असलेलं तिचं नातं डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. ओढ पेन्सिलीचीच का आणि बर्फाचीच का, यावर त्यांच्यात अजून वाद चालतात, पण लोह भरून निघालं की बहुतेकांची ती ओढ ओसरते यावर वाद नाही. गरोदर बाई भाजकी माती खाते तेव्हा आपण डोहाळे म्हणून कौतुक करतो. तीच गोष्ट नववीतल्या पोरीने केली की खोड. लोह काही फक्त रक्तापुरतं नसतं. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या विकरालाही ते लागतं. मोबाइलमुळे पोरांचं डोपामिन बिघडलं, हे हल्ली पारावर बसलेला माणूसही सांगतो. ते डोपामिन बनायला लोह लागतं आणि लोह ताटातून येतं, हे मला अजून पारावर ऐकू आलेलं नाही.

आता जैविक कारण सापडलं की विषय संपला असं मानणाऱ्यांसाठी पुढचा भाग. हिचं लोह कमी का? पाळी आल्यापासून रक्तस्राव जास्त, घरात कोणाला सांगितलेलं नाही. सकाळी चहा-खारी खाऊन शाळा. रात्री आधी आजोबा, वडील, भाऊ जेवणार, मग आई आणि ही. भावाला मेथी आवडते, म्हणून ती त्याच्या डब्यात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ही आणि हिच्या मैत्रिणी कुंडीत टाकायच्या, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं. शाळेतलं माध्यान्ह भोजन आठवीला संपतं. म्हणजे मुलींचं शरीर दर महिन्याला रक्त गमवू लागतं, त्याच सुमारास शाळेतली खिचडी बंद. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. निम्म्याहून जास्त मुलींच्या शरीरात एकच दोष सापडत असेल, तर तो जनुकांत शोधायचा की पातेल्यात?

वर्गात हा जैविक दृष्टिकोन शिकवताना माझी सुरुवात नेहमी फिनिअस गेजपासून व्हायची. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या मार्गासाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा तो मुकादम. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची लोखंडी पहार डाव्या गालाखालून घुसून टाळूतून बाहेर पडली. माणूस वाचला. पण पूर्वीचा शांत, कामसू मुकादम शिवराळ आणि हट्टी झाला, ओळखीचे म्हणायला लागले की हा आमचा गेज नव्हे. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा इथे टाचण्या पडल्या तरी ऐकू येतील अशी बसायची. बहुतेक पाठ्यपुस्तकं गोष्ट इथेच बंद करतात. कपाळामागचा मेंदू गेला, स्वभाव गेला, धडा संपला.

पुढची गोष्ट अशी, की हाच गेज नंतर दक्षिण अमेरिकेत चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत होता. परका मुलूख, परकी भाषा, अनेक घोडे एका वेळी सांभाळायचे, वेळापत्रक पाळायचं, उतारूंशी नीट बोलायचं. १८६० साली फेफऱ्याच्या झटक्यांनी तो गेला. रोजचं बांधलेलं काम मिळाल्यावर तो बराच सावरला असावा, असं आता अनेक अभ्यासक मानतात. पाठ्यपुस्तकातला अर्धा गेज आणि फ्लेक्सवरचा मेंदू, दोन्हींत खोट एकच आहे. मेंदू हुकूम देणार आणि माणूस तसा वागणार, एवढंच त्यात दिसतं. वागण्यानेही मेंदू घडतो, हे निसटतं.

ते दाखवणारा पुरावा लंडनच्या टॅक्सीवाल्यांनी दिला. तिथे काळ्या टॅक्सीचा परवाना हवा तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५ हजार रस्ते पाठ असावे लागतात. तयारीला तीन-चार वर्षं लागतात, लोक मोपेडवर नकाशा अडकवून गल्ल्या तुडवतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या मेंदूत वाटा लक्षात ठेवण्याशी संबंधित हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आहे. शंका रास्त होती, की ज्यांचा तो भाग मुळातच मोठा तेच या धंद्यात टिकत असतील. म्हणून त्यांनी आणि कॅथरीन वूलेट यांनी ७९ शिकाऊंना सुरुवातीपासून धरलं. ३९ जण पास झाले. सुरुवातीला सगळ्यांचे मेंदू सारखेच होते. पास झालेल्यांचा तो भाग काही वर्षांत वाढला, नापासांचा वाढला नाही. हा निकाल २०११ चा. ही वाढ फुकटात झाली असंही नाही, दुसऱ्या एका स्मरणचाचणीत पास झालेले चालक थोडे मागे पडले.

'माझ्यात ते नाहीये' म्हणणाऱ्या मुलाला मी हेच सांगितलं, टॅक्सीसकट. त्याला किती पटलं, ते बारावीत कळेल. सायन्स घेतलंय.

आनुवंशिकतेबद्दल दोन शब्द, कारण ती नाकारणाऱ्यांतली मी नाही. एक गृहस्थ मुलाला पट्ट्याने मारतात, आणि सांगतात की आमच्या रक्तातच राग आहे, आज्यापासून चालत आलाय. २०१५ साली जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांतल्या अडीच हजारांहून अधिक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. जोड्या भरल्या १ कोटी ४५ लाख. माणसामाणसांतल्या फरकांचा सरासरी ४९ टक्के भाग आनुवंशिक निघाला. आकडा मोठा आहे, तो दडवण्यात अर्थ नाही. पण तो एका समूहातल्या फरकांचा हिशेब आहे. अमक्याच्या रागातला अर्धा भाग आज्याच्या नावावर टाकायची पावती तो देत नाही. शिवाय आनुवंशिक म्हणजे अटळ, हेही खरं नाही. पीकेयू हा आजार शंभर टक्के जनुकांतून येतो, उपचार न मिळालेल्या मुलाची बुद्धी त्यात खुंटते, आणि जन्मल्याबरोबर ओळखून आहार बदलला तर ते मूल इतरांसारखं वाढतं. त्या गृहस्थांना मी एवढंच विचारलं, बँकेच्या मॅनेजरसमोर हे रक्त तापतं का हो? हसले. पट्टा अजून सुटलेला नाही.

झोपेबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे आपल्या सरकारने शरीराचं ऐकलं आणि वय चुकवलं.

२०२४ च्या फेब्रुवारीत शालेय शिक्षण विभागाने परिपत्रक काढलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय त्याआधी काढला होता. मुलांची झोप हा राज्यकारभाराचा विषय होऊ शकतो, हेच मला अप्रूपाचं वाटलं. पण पहिली-दुसरीतलं पोर रात्री नऊला झोपवलं तर झोपतं आणि सहाला आपण होऊन उठून घर डोक्यावर घेतं. घड्याळ पुढे सरकतं ते वयात येणाऱ्यांचं. अंधार पडल्यावर शरीरात मेलॅटोनिन हे संप्रेरक पाझरू लागतं आणि झोपेची वेळ झाल्याची वर्दी देतं. किशोरवयात ही वर्दी तास-दोन तास उशिरा येते. ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्सकाडन यांनी याच्या नोंदी केल्या, तेव्हा पोरांच्या हातात मोबाइल आलेला नव्हता. मोबाइलने त्यात भर घातली, हे आहेच. पण रात्री दहाला दिवा मालवून पडलेला दहावीचा मुलगा अकरापर्यंत छताकडे बघत असेल, तर तो दरवेळी ढोंग करत नसतो. त्याला आठ ते दहा तास झोप लागते. अकराला झोपून पाचला उठवला, तर रोज किमान दोन तासांची उधारी, आणि ती शनिवारपर्यंत चढत जाते.

हे शरीरातलं घड्याळ म्हणजे हवेतली कल्पना नाही. ते चालवणारं जनुक १९७१ मध्ये फळमाशीत सापडलं आणि त्या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. सिअ‍ॅटलमध्ये २०१६ साली शाळा ७:५० वरून ८:४५ वर नेल्या, तर मुलं रात्री आणखी उशिरा झोपतील ही भीती फोल ठरली आणि त्यांना रोज ३४ मिनिटं झोप जास्त मिळाली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, तो २०२२ पासून लागू आहे.

आमच्या शाळेने आपल्या सरकारचं परिपत्रक कसं पाळलं, ते सांगते. इमारत एक, पाळ्या दोन. पूर्वी लहान मुलं सकाळी यायची, मोठी दुपारी. नऊच्या आधी लहानांना बोलवायचं नाही म्हटल्यावर पाळ्यांची अदलाबदल झाली. चिमुकली दुपारी गेली, आठवी ते दहावी सकाळी सात-दहाला आली. आदेशाचं तंतोतंत पालन झालं. ज्यांची झोप मोडून फारसं बिघडत नव्हतं त्यांना ती मिळाली, आणि ज्यांना तिची खरी गरज होती त्यांच्या उशाशी गजर लागला. यात शाळेचा दोष काढायला मी धजणार नाही. दुसरी इमारत तिला कोण बांधून देणार?

तेव्हापासून पहिल्या तासाच्या तक्रारी माझ्याकडे वाढल्या. बाकावर डोकं ठेवतो, उलटून बोलते, डबा तसाच परत नेतो, विचारलं की डोळ्यांत पाणी. शिक्षकांच्या शेऱ्यांत 'उर्मट' आणि 'आळशी' हे दोन शब्द फिरून फिरून येतात. कोणाला एडीएचडीची शंका येते, कोणी शिबिरात ठसे देऊन येतं. मी आता आधी चारच प्रश्न विचारते: काल किती वाजता झोपलास, आज किती वाजता उठलास, सकाळी काय खाल्लंस, फळ्यावरचं दिसतं का. मनाचं दुखणं असतंच, घरातली भांडणं असतात, मार असतो, प्रेमप्रकरणं असतात. त्या सगळ्यासाठी मी बसलेलीच आहे. पण या चार प्रश्नांच्या आधी मनात शिरणारा समुपदेशक मला घाईचा वाटतो.

शाळा व्यवस्थापन समितीपुढे मी मांडलं की आठवी ते दहावी साडेआठला भरवा. विरोधाची कारणं खरी होती. सकाळची पाळी लांबली की दुपारच्या पाळीला वर्ग रिकामे मिळणार नाहीत, क्लासच्या बॅचा जमणार नाहीत, शिक्षकांपैकी काहींची दुपारची शेतीची कामं असतात. लढता लढता गाडी आठवर आली. पन्नास मिनिटं मिळाली, मी घेतली. उरली ती खरोखरची गाडी. वाडीवस्तीवरची मुलं मुक्कामी एसटीने येतात. ती पहाटे पावणेसहाला सुटते, त्यानंतरची साडेनऊला. शाळा सात-दहाला भरो की साडेआठला, त्या पोरांना उठायचं पाचलाच. मधली एक फेरी द्यावी असा अर्ज आगारात द्यायचा ठरलं. मी मसुद्यात किशोरवय, मेलॅटोनिन, झोपेची उधारी असं सगळं रीतसर लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "बाई, हे काढा, प्रवासीसंख्या लिहा." मग आम्ही वाडीवार पोरं मोजली, एक्केचाळीस भरली, पासधारक किती ते लिहिलं आणि सरपंचांची शिफारस जोडली. आगारातून फोन आला होता, सर्व्हेला माणूस पाठवतो म्हणाले.